दाण्यातला चुरा

कबऱ्या कोंबडीच्या चोचीला पिवळा बलक लागलेला दिसला, तसा रखमाजीचा संताप अनावर झाला. पंधरा दिवसांत एकही अंडं धड हाती लागलं नव्हतं. त्याने अंड्यात मिरचीपूड भरून ठेवली, खुराड्यात अंधार केला, पण उपयोग शून्य. शेवटी कबरीला त्याने कापायला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो तालुक्याच्या दवाखान्यात गेला. महिनाभर खाटेला खिळलेल्या हौसाने, त्याच्या बायकोने, आधी कबरीचीच चौकशी केली. आईविना राहिलेलं ते पिल्लू तिनेच चमच्याने पाणी पाजून जगवलं होतं. रखमाजीला खोटं बोलवेना.

"अंडी खायला लागली गं. कापायला दिली."



"तिची काय चूक? मी रोज दाण्यात शिंपल्यांचा चुरा घालायची. चुना पोटात गेला न्हाई की कोंबड्या अंडी फोडत्यात. तुमास्नी सांगायचंच ऱ्हायलं."

"मला कसं ठावं असणार? आता घरी आलीस की तूच घाल."

हौसाने नकारार्थी मान हलवली. मग त्याचा हात धरून सावकाश सांगू लागली. चुरा कुठल्या डब्यात आहे, किती घालायचा, खुडूक कोंबडी अंड्यांवर कधी बसवायची, म्हशीला पेंड किती लागते, धाकट्या लेकीला बाळंतपणाला कधी आणायचं.

रखमाजी मान डोलवत ऐकत होता. ती हे सगळं का सांगतेय, ते त्याला मध्येच कळलं.

"बास कर गं," तो म्हणाला.

ती थांबली नाही.