ठोकळ्याची गळती

२००६ साली आमच्या घरात बाप-लेक चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मुलगा कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारे तांब्याचे ठोकळे स्वतः आखून बनवत होता. जन्मभर नळजोडणी केलेले हे म्हणाले, "विजेच्या यंत्रात पाणी? अक्कल गहाण टाकलीस का?" तेवढ्यावरून अबोला.

ठोकळ्यात पाणी भरून तो दिवसभर वर्तमानपत्रावर ठेवायचा. कागद कोरडा राहिला, तर ठोकळा पास. पण रोज संध्याकाळी कागद ओला. आठव्या दिवशी, ठोकळा न्यायला गिऱ्हाईक परवा येणार होतं तेव्हा, त्याने ठोकळा यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, जरा बघता?"

यांनी चष्मा चढवला. "झाकणाचे स्क्रू ओळीने आवळतोस होय रे? समोरासमोरचे आवळ, गाढवा!"

तासभर दोघं डोक्याला डोकं लावून बसले. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत.

मुलाचा आता कारखाना आहे; तिथे स्क्रू समोरासमोरचेच आवळतात. हे गेले, पण जाईपर्यंत येईल त्या पाहुण्याला ती गळती कशी थांबवली ते सांगत राहिले. आणि ज्या चमच्याने मी आठ दिवस त्या कागदावर पाणी सांडत होते, तो मी अजून जपून ठेवलाय.