तुमच्याच व्हॉइसमेलवर

अगं, नुसतं ऐक! आमच्या ताईला ऑफिसच्या फोनवरच्या व्हॉइसमेलची, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या निरोपांची, खाती सांभाळायचं काम मिळालं, पण नोकरी अजून कायम नव्हती. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचा पासवर्ड १२३४ बघून तिचं डोकंच फिरलं. तिने सिस्टीमला सगळ्यांचे, अगदी स्वतःचासुद्धा, लांबलचक नवे पासवर्ड बनवायला लावले. दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले. "माझे निरोप ऐकता येईनात! नवा पासवर्ड कुठाय?" ताई ऐटीत म्हणाली, "तुमच्याच व्हॉइसमेलवर पाठवलाय साहेब, दुसऱ्या कुणाच्या कानावर जायला नको!" "अगं बाई, मग मी तो ऐकू कसा?" ताई लगबगीने संगणकाकडे वळली. "माझ्या खात्यातून बदलते," म्हणाली आणि तिला आठवलं, तिचाही पासवर्ड तिच्याच व्हॉइसमेलवर होता. साहेब शांतपणे म्हणाले, "तुला कायम केलं की नाही, तेही मी तुझ्या व्हॉइसमेलवरच सांगितलंय." सांग, तू असतीस तर निकाल विचारला असतास?