एकशे बारा चुका

"एकशे बारा चुका!" मास्तरांनी हस्तलिखिताचा गठ्ठा वाचनालयाच्या टेबलावर आपटला. "कादंबरी लिहिलीस की चुकांचं कोठार भरलंस, पोरी?"

ग्रंथपाल बाई हसल्या. लहानपणी त्या याच मास्तरांच्या वर्गात शिकल्या होत्या. पानभर पेन्सिलीच्या खुणा त्यांना नव्या नव्हत्या. मास्तर निवृत्त झाले, पण त्यांचा हात काही निवृत्त झाला नव्हता. घरात लग्नाची पत्रिका आली तरी आधी ती दुरुस्त करायचे, मग जेवायला जायचे.

तीन वर्षं धड पाऊस नव्हता. शेतं भेगाळली होती, बाजार ओस पडला होता, आणि कपाळाला हात लावून बसलेल्या गावाकडे वाचायला वेळच वेळ होता. त्यातून बाईंची कादंबरी याच गावची. तोच दुष्काळ, तोच पाट, आणि पाटकऱ्याचा खून.

खरा पाटकरी बाईंचा नवरा. पाटाचं पाणी पाळीप्रमाणे एकेका शेताला सोडायचा, सख्ख्या भावालाही पाळीआधी थेंब द्यायचा नाही. दीड वर्षापूर्वी पाटाच्या दारापाशी डोकं फुटून मेलेला सापडला. पाय घसरला, असं ठरलं. चष्मा सापडला नाही, तेव्हा तो वाहून गेला, असंही ठरलं. त्या दिवशी पाटात चूळ भरायलाही पाणी नव्हतं, हे बाईंनी दहा जणांना सांगितलं. दहाही जणांनी 'बिचारी' म्हणून मान हलवली. बाईंना तो शब्द फार झोंबला. त्यांनी डोळे पुसले आणि कोरे कागद आणले.

"आणि खुनी किराणा दुकानदार?" मास्तर खुर्चीत ऐसपैस बसले. "त्याला पाण्याशी काय देणंघेणं?"

"मग कुणाला करू?"

"ते तुझं तू बघ. मी फक्त चुका काढतो." मास्तरांचा आवाज खाली आला. "मी त्या दिवशी लेकीकडे परगावी होतो गं. नाहीतर त्याला एकट्याला पाटावर जाऊ दिलं नसतं."

जबाबातही त्यांनी हेच लिहून दिलं होतं. तो जबाब घेणारे फौजदार समोरच्या टेबलावर पेपर वाचत बसले होते. आज मास्तर येणार म्हणून बाईंनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. मास्तरांची बाग पाटाच्या अगदी शेपटाला, तरी गावात तेवढीच हिरवीगार. लोक म्हणत, मास्तरांचा हातगुण!

बाईंनी सत्त्याऐंशीवं पान काढून फौजदारांपुढे ठेवलं. मास्तरांच्या आधी नऊ जणांनी ते वाचलं होतं. कुणी रडलं, कुणी प्रेमप्रकरण घाला म्हणालं, पण या पानावर एकही जण अडखळला नव्हता.

फौजदारांनी मोठ्याने वाचलं. "'काडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला चष्मा सावरत पाटकरी दारापाशी पोचला.' इथे 'पांढऱ्या' खोडून 'लाल' केलंय."

"मग? लालच होता," मास्तर ठसक्यात म्हणाले.

"लालच होता," बाई म्हणाल्या. "पांढरा मी मुद्दाम लिहिला. काडी त्या संध्याकाळी निघता निघता मोडली. मीच उंबऱ्यात उभं राहून दोऱ्याने बांधून दिली. तिथून पाटाचं दार दहा मिनिटांवर. त्यानंतर तो चष्मा कुणाच्याच नजरेला पडला नाही."

फौजदारांनी पेपरची घडी घातली आणि ते उठून दारात उभे राहिले. मास्तरांनी ते पान ओढून घेतलं. खिशातलं खोडरबर काढलं, पण बाईंनी पानावर हात ठेवला होता.

"राहू द्या, मास्तर. एकशे अकरा चुका माझ्या. एकशे बारावी तुमची."