सरळ पाय

"बाळाला पाठीवर कोणी बांधत होतं का?" डॉक्टर ह्वांगबाईंनी विचारलं.

इन्सिकने लगेच आपल्या आईकडे बोट दाखवलं. वय चाळीस, पण चुगली मात्र शाळकरी पोरासारखी.

समोरच्या पडद्यावर त्याच्या पाच महिन्यांच्या मुलीचा, हारिनचा एक्स-रे होता. उजव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नीट बसला होता. डावा बाहेर सरकला होता. वेळेत आत बसला नाही तर ही पोर जन्मभर लंगडेल, एवढं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तेव्हापासून इन्सिकची बायको योनजू रडत होती. हारिन तपासणीच्या टेबलावर मजेत मूठ चोखत होती.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत पेंगत होती. पाठ न टेकता, खांदा भिंतीला लावून. ही तिची जुनीच खोड. घरी खालून तापवलेल्या गरम जमिनीवर जाड गादी घातली तरी म्हातारी अशी बसल्या बसल्याच झोपायची. "अगं आई, आडवी झालीस तर भाडं पडतं का?" असं इन्सिक रोज चिडवायचा. आज चिडवायच्या मनःस्थितीत तो नव्हता. त्याला कोणावर तरी ओरडायचं होतं आणि आई हाताशी होती.

"पोरगी शंभर दिवसांची झाली म्हणून जेवण घातलं, तेव्हा पकडलं मी हिला," तो म्हणाला. "बाहेर पाहुणे तांदळाचा केक खातायत आणि ही आत स्वयंपाकघरात पोरीला गोधडीने पाठीला आवळून उभी. पोरीचे पाय दोन्हीकडे फाकलेले, बेडकासारखे. तिथल्या तिथे सोडवलं. गोधडी इमारतीखालच्या जुन्या कपड्यांच्या दानपेटीत टाकून आलो. मलाही असंच वाढवलंय हिने. बघा माझे पाय."

त्याचे पाय खरंच जरा बाकदार होते आणि उंची बेताचीच होती. त्याचं खापर तो जन्मभर आईच्या माथी फोडत आला होता.

आई आता जागी झाली होती.

"आणि त्यानंतर?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यानंतर मी स्वतः लक्ष घातलं. रोज सकाळी आंघोळ झाली की पोरीचे गुडघे जुळवायचे, घोटे धरायचे आणि 'लांब हो, लांब हो' म्हणत पाय सरळ ओढायचे. मोजून शंभर वेळा. हसते ती. मग सरळ पायांनीच दुपट्यात घट्ट गुंडाळतो." दाखवायला म्हणून त्याने पुढे होऊन हारिनचे घोटे धरले.

"सोडा," डॉक्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण त्यांनी त्याचं मनगट पकडलं होतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. सांधा बहुधा जन्मापासूनच सैल असावा. नेमकं कशाने काय झालं, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. पण असा सांधा पाय फाकवून, गुडघे दुमडून ठेवले तर खोबणीत रुजतो. पाय सरळ ओढले की बाहेर निसटतो.

हात कुठे ठेवावेत ते इन्सिकला कळेना. शेवटी त्याने ते खिशात घातले.

डॉक्टरांनी हारिनला मऊ पट्टे बांधले. खांद्यांवरून, छातीभोवती, खाली पावलांपर्यंत. तिचे गुडघे वर आले, मांड्या दोन्ही बाजूंना उघडल्या.

"आता काही आठवडे दिवसरात्र असंच. बसेल असं वाटतंय. बघू."

योनजूचं रडणं थांबलं. "आईंच्या पाठीवर अशीच असायची की ही," ती म्हणाली.

"अशीच," डॉक्टर म्हणाल्या. "घरात लहानपणी आणखी कोणाचा खुबा असा होता?"

"छे," इन्सिक म्हणाला. "आमच्यात कोणी लंगडं नाही."

"होता," आई म्हणाली. "ह्याचा."

इन्सिक वळला. आई त्याच्याकडे बघत नव्हती. ती डॉक्टरांशी बोलत होती.

"लंगोट बदलताना डावी मांडी उघडायचीच नाही. आत कट्कन वाजायचं. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, पाय फाकलेलेच ठेव, सरळ होऊ देऊ नकोस. पट्टे नव्हते त्याच्याकडे. मला पाठ होती. ह्या पोरीचंही तसंच वाजलं, पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?" इन्सिकला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"तुझ्या आजीने शपथ घातली होती. पोराच्या पायात खोट आहे हे कळलं तर मुलगी कोण देईल, म्हणून. पुढे सुनेसमोर सांगायला जीभ रेटेना. वाटलं, पाठ आहे ना माझी, बोलायचं कशाला. तू गोधडी टाकलीस त्या दिवशी सांगायला आले होते. तू म्हणालास, पुरे तुझं अडाणीपण. मी गप्प बसले. चुकलंच माझं."

इन्सिकने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. बुटके, बाकदार पाय. शाळेच्या शर्यती, सैन्यातली दोन वर्षं, रोजचे चार जिने. एक दिवससुद्धा ते लंगडले नव्हते.

"मला किती दिवस बांधलं होतंस?"

"अकरा महिने."

"दिवसरात्र?"

"खाली ठेवलं की पाय सरळ करायचास."

"मग तू झोपायचीस कशी?"

आईने खुर्चीत सरकून खांदा पुन्हा भिंतीला लावला.

"बसून," ती म्हणाली.