समोरच्या दारातला डॉक्टर

पडद्यावरच्या डॉक्टरच्या मागून आपल्याच कुकरची शिट्टी ऐकू आली, तेव्हा यमुनाबाई गुर्जरांचा उरलासुरला धीर संपला. डॉक्टर निहार शेजवळ त्यांच्याच मजल्यावर, अगदी समोरच्या दारात राहत होता. साथ कधीच संपली होती, पण ही डॉक्टरमंडळी काही पडद्याबाहेर यायला तयार नव्हती.

"काकू, गॅसच आहे. कॅमेरा जरा पोटाजवळ धरा."

"कालही गॅसच होता! अहो, समोर राहता ना? या आणि पोट दाबून बघा."

"दाबून?" बाईंनी गटारात हात घालायला सांगितल्यासारखं त्याने तोंड केलं. "तसं आता कोणी करत नाही. आम्हाला शिकवतही नाहीत."

"शिकवत नाहीत, ते दिसतंच आहे," म्हणत यमुनाबाई पोट धरून उठल्या आणि त्यांनी समोरच्या दारावर थापा मारल्या. दार उघडताच त्यांनी त्याचा हात धरला आणि पोटावर, उजवीकडे खाली, दाबला. दुसऱ्याच क्षणी त्या कळवळून ओरडल्या.

निहारने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. डॉक्टर झाल्यापासून रुग्णाच्या अंगाला त्याचा हात आज पहिल्यांदाच लागला होता.

"बाप रे, केवढं गरम! काकू, तुम्हाला भयंकर ताप आहे!"

"ॲम्ब्युलन्स बोलाव," यमुनाबाई दात आवळून म्हणाल्या. "आणि हा ताप नव्हे, मेल्या. जिवंत माणूस एवढा गरम असतोच."