चौथं लिंबू

लांब निघायचं म्हणजे लतिकाची लिंबं आलीच. आगाशीच्या बाजारात अर्धा तास घालवून तिने चार एका मापाची निवडून आणली होती. सकाळी तिने ती चार चाकांखाली ठेवली आणि सदानंदने कपाळाला आठ्या घालत गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फटाफट फुटली. चौथं नुसतं चेपलं.

"मी नाही बसायची. आधी ते चाक दाखवून आणा."

"आता लिंबाला विचारून गाडी चालवू?" सदानंद भडकला. पण तिचं खूळ घालवायचंच म्हणून तो नाक्यावर केनी पंक्चरवाल्याकडे गेला.

केनीने मीटर लावला. हवा निम्मीसुद्धा नव्हती. टायरमध्ये स्क्रू रुतला होता.

"काका, या उन्हात हायवेला फुटलाच असता. आणि टायर एवढा मऊ, मग लिंबू फुटणार कसं?"

सदानंदने पंक्चर काढून घेतलं. घरी येऊन त्याने ते चेपलेलं लिंबू प्रसादासारखं ओंजळीत उचललं.

"लतिका, देवानेच वाचवलं गं!"

"देवाला लहानमोठं कसंही चालतं हो," डिकीत पिशव्या ठेवत ती म्हणाली. "एका मापाची लागतात ती हवा बघायला."