कागदोपत्री धाकटा

आईच्या अंत्यविधीचं पोस्टर छापून घ्यायला मी आणि दादा छापखान्यात बसलो होतो. "मुलांची नावं वयानुसार सांगा," छापखानेवाला म्हणाला. मी दादाकडे बोट दाखवून म्हटलं, "पहिला हा, क्वाकू." दादाने मला थांबवलं. "आधी हिचं घाला, अफिया." छापखानेवाला हसला. "कोच, केस तर तुमचेच पिकलेत!" युरोपात फुटबॉल खेळायला जाताना दादाने वयातली पाच वर्षं लपवली, तेव्हापासून कागदोपत्री तो माझ्याहून धाकटा. आता तो घानाच्या कुमार संघाचा प्रशिक्षक. गेल्याच महिन्यात वय चोरणाऱ्या तिघांना त्याने हाकललं होतं. "दादा, आईच्या पोस्टरवर तरी खरं लिही!" "ते पोस्टर पेपरवाले वाचतील, अफिया, आई नाही." शनिवारी कबरीत पहिली मूठ माती थोरल्या अपत्याने टाकायची होती. दादा नकळत पुढे झाला, वाकला. त्याने माती उचलली. पाद्रींनी माझं नाव पुकारलं. दादाने मागे सरून मूठ उघडली.